नाव सांगत नाही

शांतवन मास्तरांनी मला फसवलं. पैशात नव्हे, म्हशींच्या बाजारात मला पैशात फसवणारा माणूस अजून यायचा आहे. त्यांनी मला नावात फसवलं. वर्षानुवर्षं माझ्या घरातला खराब माल उचलून त्यांनी चर्चमध्ये चारचौघांपुढं मांडला, आणि आयुष्यात एकदाच माझ्या हातून मांडण्यासारखा चांगला माल निघाला, तेव्हा ते तोंड मिटून बसले. मास्तर आता प्रभूघरी आहेत. गेलेल्या माणसाविषयी चांगलं बोलावं, असं ते स्वतःच सांगत. मी चांगलंच बोलणार आहे. फक्त काही लपवणार नाही.

कोल्हापुरात मंगळवार पेठेच्या कडेला आम्हा ख्रिस्ती लोकांची एक गल्ली होती. तिच्या टोकाला चर्च, आणि मधोमध मास्तरांचं घर माझ्या भिंतीला भिंत लावून. मास्तर मिशनच्या शाळेत शिकवत. अंगानं सडपातळ, धोतर पांढरंशुभ्र, त्यावर वैशाखातसुद्धा गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट, आणि हातात छत्री. छत्री पावसासाठी नसे, बोट दाखवण्यासाठी असे. कुणाच्या घरी गेले की ते माणसांकडं आधी बघत नसत. छत्रीचं टोक घरातल्या एखाद्या वस्तूकडं जाई, आणि मास्तर म्हणत, "बघा." बघा म्हटलं की घरची बाई ती वस्तू पदराआड ओढी. कारण त्या वस्तूचं काय होणार, ते रविवारी कळत असे.

रविवारच्या उपासनेत पाळकसाहेबांच्या उपदेशाआधी मास्तरांचा 'घरचा धडा' असायचा. देव काही फक्त वेदीवरून बोलत नाही. तो चुलीपाशी, मोरीपाशी, नवरा-बायकोच्या भांडणातसुद्धा बोलतो, आपण फक्त कान द्यायचा, असं मास्तरांचं म्हणणं. कान ते देतच. आमची मधली भिंत पातळ होती.

पाळकसाहेबांचा उपदेश मंडळी डोळे मिटून ऐकायची. मास्तरांचा धडा मात्र ताठ बसून ऐकायची, कारण आज कुणाचं घर निघेल याचा नेम नसे. माझं घर सगळ्यांत जास्त निघालं. मी दानियल. लोकांच्या म्हशी वळत मोठा झालो, गोठ्यात झोपलो, पुढं वडगावच्या बाजारात दलाल झालो आणि स्वतःच्या कमाईवर कौलारू घर बांधलं. मास्तरांना ते घर म्हणजे धड्यांची खाणच सापडली.

माझी बायको मार्था दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवी आणि झाकणावर दगड, मांजरासाठी. एकदा मास्तर आले, छत्रीचं टोक दगडाकडं गेलं. रविवारी धडा निघाला: आपण रोज रात्री देवावर भरवसा ठेवून निजतो आणि झाकणावर दगड ठेवून निजतो, मांजर मात्र दोघांपैकी दगडालाच भितं. मंडळी हसली. मार्था घरी येऊन रडली आणि तिनं तो दगड फेकून दिला. दुसऱ्या दिवशी मांजरानं दूध प्यायलं. त्या दुधाचा धडा मास्तरांनी कधी काढला नाही.

तेव्हापासून कोटाची काळी सावली दारात पडली की मार्था आतून म्हणायची, "मास्तर आलं. झाका."

"काय झाकू?"

"सगळंच झाका."

एकदा बाजारातून तापून आलो होतो. आमटी तोंडात घातली तर खारट. मी ताट भिरकावलं. मी तापट आहे, हे काही मी लपवून ठेवलेलं नाही. बाजारात निम्मे सौदे माझ्या आवाजावरच होतात. रविवारी मास्तर उठले, कोटाचं वरचं बटण चाचपलं आणि म्हणाले, "आमच्या शेजारी एक गृहस्थ आहेत. नाव सांगत नाही."

अख्ख्या चर्चचे बाक करकरले. पुरुषांच्या बाजूनं माना वळल्या, बायकांच्या बाजूनंही वळल्या. नाव सांगायची गरजच काय होती? मास्तरांना शेजार एकाच बाजूला होता. दुसऱ्या बाजूला विहीर होती.

"मीठ जास्त झालं," मास्तर पुढं म्हणाले, "तर ताट भिरकावता येतं, प्रियजनहो. राग जास्त झाला तर माणसाला कुठं भिरकावायचं? घरच्यांना तो तसाच गिळावा लागतो, रोज, दोन वेळा."

मी उपासना संपल्यावर त्यांना फाटकात गाठलं. "मास्तर, नाव सांगितलं असतं तर बरं झालं असतं. लोकांच्या माना तरी दुखल्या नसत्या."

मास्तर शांतपणे म्हणाले, "धडा तुमच्यावर नव्हता, दानियलराव. मिठावर होता."

असे ते होते. माणसाला सोलायचे आणि म्हणायचे, मी कांद्याविषयी बोलत होतो.

त्यांच्या घरीही फार सुख होतं असं नाही. त्यांची बायको रूथकाकू म्हणजे जाड भिंगांचा चष्मा, मोठा आवाज आणि मोठं मन. मास्तरांना तिनं कोथिंबीर आणायला पाठवलं की ते तासाभरानं पिशवी हलवत यायचे. भाजीवालीनं जुड्या कशा ओल्या फडक्यात ठेवल्या होत्या, आणि कुटुंबानंही प्रार्थनेच्या ओलाव्यात कसं राहावं, हे सांगत उंबरा ओलांडायचे. रूथकाकू पिशवीत हात घालायची. पिशवी रिकामी.

"मार्था," ती भिंतीवरून ओरडायची, "चार काड्या कोथमीर दे गं. आमच्याकडं कोथमीर कधी येत न्हाय. धडाच येतो."

मास्तर हे ऐकून हसायचे. तेवढं कबूल करायला हवं. स्वतःवरचा वार ते हसून घेत, आणि पुढच्या रविवारी रिकाम्या पिशवीचा धडा काढत. त्या धड्यात मात्र "माझ्या घरी" असं नाव घेऊन सांगत. माझ्या वेळी तेवढं "नाव सांगत नाही".

एकदा दारावर कुंभारीण आली. मी प्रत्येक मडकं बोटानं टिचकी मारून बघत होतो. हे माझं रोजचंच. म्हशीच्या दातापासून मडक्याच्या बुडापर्यंत मी काहीही वाजवल्याशिवाय घेत नाही. मी एकेक मडकं नाकारत गेलो, भाव पाडत गेलो, आणि ती बाई शेवटी म्हणाली, "पावणं, मडकं घ्यायचंय का लेक द्यायचीया?" मास्तर दारात उभं राहून सगळं बघत होते. रविवारी काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. सगळ्या जगाला टिचकी मारून बघणाऱ्या गृहस्थाला देवानं एकदा टिचकी मारली तर कसला आवाज येईल, असा तो धडा होता. लहान पोरं पुढं कितीतरी दिवस मला बघून बाकावर टिचक्या मारत.

हे सगळं मी सहन केलं. सहन झालं नाही ते कडीचं.

मार्थाचा भाऊ फिलिप हातकणंगल्याला राहायचा. त्यानं म्हैस घेतली, आणि ती माझ्या हातून न घेता दुसऱ्या दलालाकडून घेतली. सख्खा मेहुणा दलाल असताना दुसऱ्याच्या हातून म्हैस. सगळ्या बाजारात माझं तोंड काळं झालं. नाताळच्या दिवशी तोच फिलिप बायकोला घेऊन, करंज्यांची पाटी घेऊन दारात आला. मी आत गेलो आणि आतून कडी घातली. त्यानं दार वाजवलं, हाका मारल्या, मार्था आत डोळ्याला पदर लावून बसली. शेवटी पाटी उंबऱ्यावर ठेवून तो परत गेला. करंज्या गल्लीतल्या शेळीनं खाल्ल्या.

त्या रविवारी चर्चमध्ये मिरजेचे पाहुणे होते. माझी थोरली मुलगी सुवार्ता हिला बघायला आले होते, मुलगा शिक्षक, घर चांगलं. मी नवा फेटा बांधून त्यांच्या शेजारी बसलो होतो. मास्तर उठले.

"आमच्या शेजारी एक गृहस्थ आहेत. नाव सांगत नाही."

बाक करकरले. मिरजेच्या पाहुण्यांनीही मान वळवली, आणि सगळ्यांच्या माना जिथं थांबल्या तिथं त्यांचीही थांबली.

"दाराची कडी कुठल्या बाजूला असते?" मास्तरांनी विचारलं. "आतल्या. बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात काहीच नसतं. तो फक्त दार वाजवू शकतो. भाऊ असो, प्रभू असो, तो वाजवतो आणि थांबतो. कडी आतल्या माणसाच्या हातात असते. आणि आतला माणूस समजतो की कोंडला गेला तो बाहेरचा."

धडा चांगला होता, हे मी आजही सांगतो. माल चांगलाच होता. पण तो माझ्या गोठ्यातून चोरला होता. मिरजेच्या पाहुण्यांनी दुपारी नीट जेवण केलं, पानसुपारी घेतली आणि निरोप पाठवतो म्हणून गेले. निरोप आला नाही. मधल्या माणसाकडून कळलं ते एवढंच, की माणूस कडक आहे असं ऐकलं, आणि आमची मुलं जरा मऊ आहेत. आणि गल्लीत मला नवं नाव पडलं. कडीवाला. "कडीवाले आलेत का?" "कडीवाल्यांच्या घराशेजारी." पोस्टमनसुद्धा मार्थाला असंच विचारायला लागला.

मी तडक मास्तरांच्या घरात शिरलो. ते चहा बशीत ओतत होते.

"मास्तर, आजपासनं माझ्या घरातला धडा सांगायचा न्हाय."

"देव जिथं दाखवतो तिथून…"

"देवाला म्हणावं विहिरीच्या बाजूला दाखव." मी खांद्यावरचा रुमाल काढला. "हात पुढं करा."

इथं सांगायला हवं. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं हातात हात देतात, वर रुमाल टाकतात आणि खाली बोटं दाबून सौदा ठरवतात. रुमालाखाली काय झालं ते तिसऱ्याला कळत नाही. आणि रुमालाखाली ठरलेलं मोडता येत नाही. मोडणाऱ्याला पुन्हा बाजारात कुणी उभं करत नाही.

मास्तरांना हे सगळं मी समजावून सांगितलं. त्यांचे डोळे चमकले. यातही त्यांना धडा दिसला असणार. पण त्यांनी हात पुढं केला आणि म्हणाले, "मग माझीही एक मागणी आहे. तुम्ही रोज संध्याकाळी घरच्या प्रार्थनेला बसायचं. बाजारातून उशीर झाला तरी. मार्थाबाई एकट्या मुलांना घेऊन बसतात, मला ऐकू येतं."

भिंत पातळ होती, हे मी आधीच सांगितलं आहे. मी बोट दाबलं. त्यांनीही दाबलं. सौदा झाला. मी पुढं रोज संध्याकाळी बसलो. माझ्या प्रार्थनाही सौद्यासारख्याच असत, देवा तू एवढं कर, मी एवढं करतो, असं मार्था म्हणते, पण बसलो. आणि मास्तरांनी माझ्या घरातला धडा पुन्हा कधी सांगितला नाही. इथपर्यंत दोघं सरळ वागलो.

मग करुणाचं झालं. करुणा ही मास्तरांची एकुलती एक मुलगी. मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. संस्थान जाऊन एक-दोन वर्षं झाली असतील, तेव्हा तिनं इचलकरंजीच्या बसवराज नावाच्या लिंगायत मुलाशी कचेरीत जाऊन लग्न केलं. मुलगा मागाच्या कारखान्यात कारकून, निर्व्यसनी, गोड बोलणारा. पण लग्न वेदीपुढं झालं नाही. मास्तर ओरडले नाहीत, रडले नाहीत. करुणाचा चहाचा कप फळीवरून उचलून त्यांनी पेटीत ठेवला आणि पेटी बंद केली. बस.

आणि मास्तरांचे धडे बदलले. घर त्यातून गेलं. आता धडा निघायचा आगगाडीवर, पंचगंगेच्या पुरावर, ऊस कसा वाढतो यावर. चुलीचं, ताटाचं, दाराचं नाव नाही. मंडळी त्यांच्या धड्यालाही डोळे मिटून घ्यायला लागली. मला खरं तर बरं वाटायला हवं होतं. वाटलंही.

वर्ष उलटलं. एका सकाळी रूथकाकू मार्थाकडं आली, पण बोलली माझ्याशी.

"दानियलभाऊ, एवढी म्हसरं तुम्ही हिकडची तिकडं करता. माझं एक काम करा. लेक बाळंत झालीया. मला नात हाय. अजून बघितली न्हाय."

"मास्तरांना सांगा की."

"सांगून बसले. त्यांना मडक्यात देव दिसतो, झाकणात देव दिसतो. पोटच्या पोरीत दिसत न्हाय."

मी तयार झालो. का, ते स्पष्टच सांगतो. सुवार्ताला बघायला आता सांगलीचे पाहुणे यायचे होते, आणि माझं नाव अजून कडीवालाच होतं. ते नाव ज्या तोंडानं पडलं त्याच तोंडानं पुसलं जाणार होतं. मास्तरांनी एका रविवारी उठून माझं एक चांगलं काम सांगितलं असतं, तर लोकांच्या माना पुन्हा एकदा माझ्याकडं वळल्या असत्या, या वेळी बऱ्या कारणासाठी.

दलालाचं काम सोपं असतं. विकणाऱ्याला सांगायचं, घेणारा वर चढलाय. घेणाऱ्याला सांगायचं, विकणारा खाली उतरलाय. दोघंही पुढं सरकतात आणि मधे कुठंतरी तुमची थाप खरी होते.

इचलकरंजीत करुणाच्या घराला लागूनच माग होते. खडखडाटात माणसाला माणसाचं ऐकू येत नाही. तिची सासू मोठ्यांदा म्हणाली, "या की पावणं, बसा. च्या घ्या." करुणा बाळ मांडीवर घेऊन बसली होती.

"बाबांनी पाठवलं?" तिनं विचारलं.

"व्हय."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, कोटाचं वरचं बटण निघालंय. करुणाशिवाय कुणाला लावता येत न्हाय."

तिनं बाळाचं टोपडं नीट केलं. मग म्हणाली, "काका, बाबा असं बोलणार न्हाईत. तुम्ही दलाल हाय."

"दलाल हाय म्हणूनच आलोय. खरं बोलायला पाळकसाहेब हायत."

"मग खरं काय ते सांगा."

"खरं हे, की त्यांच्या धड्याला आता लोक झोपतात."

यावर ती हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा बिघडला. सासू पुढं आली, कानडीत काहीतरी म्हणाली आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवला. करुणा म्हणाली, "अव्वा म्हणतात, जा. शनिवारी येते. पण दारात उभं केलं तर त्याच पावली परत फिरीन, काका. मग पुन्हा न्हाय."

कोल्हापुरात येऊन मी मास्तरांना गाठलं. सांगितलं, "करुणा दोनदा तुमच्या दारापर्यंत येऊन परत गेली."

मास्तरांची छत्री हातातून घसरली. "कधी?"

"तुम्ही शाळेत होता."

त्यांनी छत्री उचलली आणि आत गेले. मला वाटलं, विकणारा खाली उतरला.

शनिवारी संध्याकाळी टांगा गल्लीत आला. घराघरात प्रार्थनेची तयारी चालली होती, त्यामुळं सगळी माणसं घरीच होती आणि सगळी दारात आली. करुणा बाळ घेऊन उतरली. मास्तर खिडकीत दिसले. मग खिडकीतून गेले, दार लागलं, आणि आतून कडीचा आवाज आला. कडीचा आवाज मला चांगला कळतो.

करुणा दगडासारखी उभी राहिली. मग टांग्याकडं वळली. मी तिच्या आणि टांग्याच्या मधे गेलो आणि मास्तरांच्या पायरीवर चढलो. बाजारात लागतो तसा आवाज लावला.

"मास्तर, कडी कुठल्या बाजूला असते?"

मी दाराशी आणखी सरकलो.

"धडा तुमचाच हाय. बाहेरचा माणूस फक्त वाजवू शकतो म्हणालता. तेवढ्या धड्यापायी माझ्या लेकीचं लग्न मोडलं, म्हणून मला पाठ हाय. आता तुमची लेक वाजवणार हाय. ऐका."

मी करुणाला खूण केली. तिनं पुढं होऊन दार वाजवलं. एकदाच, हळू. बाळ शिंकलं. आतून रूथकाकूचा आवाज आला, "तुम्ही काढता का मी काढू?"

कडी निघाली. दार मास्तरांनीच उघडलं. कोट अंगात नव्हता. मास्तरांना बिनकोटाचं मी पहिल्यांदाच बघितलं. नेहमीप्रमाणं त्यांनी माणसांकडं बघितलं नाही. बाळाच्या अंगावर जुन्या लुगड्याचं दुपटं होतं, त्याच्याकडं त्यांची नजर गेली. ते रूथकाकूच्या लुगड्याचं होतं. करुणानं लग्नाला जाताना आईचं एक जुनं लुगडं नेलं असणार. मास्तरांचं बोट वर झालं. "बघा," ते म्हणाले.

पुढं काही आलं नाही. सगळी गल्ली धड्याची वाट बघत होती. मास्तर बोट वर धरून तसेच उभे, आणि ओठ नुसते हलत होते. मग रूथकाकूनं त्यांना बाजूला सारलं आणि बाळ घेतलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. सांगलीच्या पाहुण्यांना मी मुद्दाम त्याच रविवारी बोलावलं होतं. धुतलेला फेटा, इस्त्रीचा सदरा, पुढच्या बाकावर बसलो. करुणा आणि बाळ बायकांच्या बाजूला. सगळी मंडळी ताठ. मास्तर उठले, कोटाचं वरचं बटण चाचपलं. बटण होतं, घट्ट होतं. मी मान तयार ठेवली, लोक बघतील तेव्हा कशी ठेवायची ती.

"भोपळा," मास्तर म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"कोवळा भोपळा भाजीला चांगला. जून झाला की कडक होतो, कुणी शिजवत नाही. पण रंकाळ्यावर पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला तोच बांधतात. तो त्याला बुडू देत नाही."

एवढं बोलून ते खाली बसले. मार्था अजून म्हणते, तो भोपळा म्हणजे मीच होतो. असेनही. पण भोपळ्याकडं कुणी मान वळवून बघितलं नाही. एक बाक करकरला नाही. सांगलीचे पाहुणे शांतपणे समोर बघत होते.

फाटकात मी मास्तरांना धरलं. "हे काय मास्तर? भोपळा?"

"रुमालाखाली ठरलं आहे, दानियलराव. तुमचा धडा सांगायचा नाही."

"वाईट सांगायचा न्हाय असं ठरलंतं."

"चांगला-वाईट असं काही तुम्ही म्हणाला नव्हता. मी रात्रभर आठवून बघितलं."

"मग मी मोकळं करतो. सांगा आत जाऊन."

"मोडता येत नाही, हे तुम्हीच शिकवलंत." ते थांबले आणि छत्रीचं टोक जमिनीवर टेकवून म्हणाले, "आणि सांगायचं तर दोन थापांसकट सांगावं लागलं असतं. बटण आणि दोनदा येऊन परत गेलेली करुणा. करुणानं आणि मी काल ताळा करून बघितला."

सुवार्ताचं लग्न सांगलीतच झालं. ते माझ्या चांगुलपणावर नव्हे, तिच्या हातच्या रश्श्यावर जमलं. फिलिप लग्नाला आला, म्हैस किती दूध देते ते सांगत हिंडला. मी ऐकून घेतलं. मास्तरांचे धडे पुन्हा चुलीपाशी आले. नातीचं पहिलं पाऊल, नातीनं सांडलेलं दूध, बसवराजची आई रविवारी चर्चच्या फाटकाबाहेर टांग्यात बसून कशी वाट बघते. मंडळी पुन्हा जागी झाली. माझ्या घरातलं काही नाही. मी त्या वर्षांत माझ्या समजुतीनं आणखीही दोन-चार बरी कामं केली, मुद्दाम भिंतीपाशी उभं राहून मोठ्या आवाजात केली. मास्तर ऐकत होते, हे नक्की. बोलले नाहीत.

पुढं मास्तरांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेली. ज्या माणसानं सगळ्या गल्लीचं बोलून टाकलं, तो खाटेवर गप्प. मी भेटायला गेलो. रूथकाकू पेज भरवत होती. छत्री खुंटीला होती. मी पायाशी बसलो आणि म्हणालो, "मास्तर, आता तरी सौदा मोडू या. माणसं अजून कडीवाला म्हणत्यात."

मास्तरांनी डावा हात वर केला आणि माझ्या खांद्यावरचा रुमाल ओढला. मला कळलं. मी हात पुढं केला, त्यांनी रुमाल आमच्या हातांवर ओढून घेतला. रूथकाकू पेज भरवायची थांबली. त्यांनी माझी पाचही बोटं एकत्र दाबली. मग सोडली. मग नुसता माझा अंगठा धरला आणि धरूनच ठेवला, बराच वेळ.

असा भाव बाजारात नाही. मी आयुष्यभर रुमालाखाली बोटं वाचली आहेत. आंधळ्या माणसाचं बोट वाचलं आहे, दारूड्याचं वाचलं आहे. हे मला वाचता आलं नाही. "मोडलं का कायम ठेवलं?" मी विचारलं. मास्तर माझ्याकडं बघत नव्हते. कोपऱ्यातल्या माठाकडं बघत होते. माठावर झाकण होतं आणि झाकणावर दगड होता. त्यांच्या तोंडाची चांगली बाजू जराशी वर गेली.

दोन दिवसांनी ते गेले. खांदा देणाऱ्यांत मी होतो. कबरस्तानातून परत येताना मागं दोन म्हाताऱ्या बोलत होत्या, "ते बघ, कडीवालेपण आलेत, मन मोठं हाय की त्यांचं." मी एकदा गल्लीत स्वतः सांगून बघितलं, की मास्तरांची कडी मी काढायला लावली. लोक म्हणाले, "असूं दे, दानियलशेठ." असूं दे म्हणजे काय ते मला कळतं. करुणाची मुलगी आता भरभर बोलते. दुपट्यातून तिला या गल्लीत मी आणलं. ती मला बघून आईला सांगते, "कडीवाले आजोबा आले."

तर हे असं आहे. त्यांनी दहा वाईट धडे लोकांसमोर मांडले आणि एक चांगला बरोबर घेऊन गेले. सौदा पाळला म्हणून त्यांना कुणी दोष देणार नाही, मीही देणार नाही. पण हिशेब बाकी आहे. मीही एक दिवस वर जाईन. तिथं मला घेतात की नाही, मला माहीत नाही. कडी आतल्या बाजूलाच असणार. मी रुमाल घेऊनच जाणार आहे. दार वाजवीन आणि थांबेन. मास्तर आत आहेत, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्यांनी दारात यावं, काळा कोट घालून यावं, आणि मला आत घ्यायच्या आधी तिथल्या सगळ्या मंडळीसमोर सांगावं, की शेजारी एक गृहस्थ होते. बाक करकरू देत. माना वळू देत. आणि मग, मास्तर, या खेपेला नाव सांगा.